खेळाडू पोट्ट्यांची कॉलेजनंतरची सोय: तालुक्याच्या ठिकाणी काय काय करता येतं?

मैदानमास्तर (धागाकर्ता)

पश्चिम विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांत जे खेळ सांभाळतात त्यांच्यासाठी, आणि खेळाडूंच्या आईबापांसाठीही, हा धागा काढतोय. चित्र सगळीकडे सारखंच आहे. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि मैदानी मिळून तीस-चाळीस पोरंपोरी नेमानं मैदानावर येतात. त्यातले चार-पाच विद्यापीठाच्या संघात जातात, म्हणजे कलर होल्डर होतात. बी.ए. भाग तीन आटोपला की सगळे घरी, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: "सर्टिफिकेट आहे ना सर, भरतीत लागून जाते." दोन वर्षांनी तोच पोट्टा चौकात दिसतो आणि सर्टिफिकेट चालत नसल्याचं सांगतो.

प्राचार्य आठवड्यातून एक तास आणि संगणक कक्ष द्यायला तयार आहेत, पैसे नाहीत. पहिल्या वर्षापासून काय काय करून घ्यावं? कोणती कागदं, कोणत्या परीक्षा, कुठे माती खातात, असं नेमकं लिहा. प्रेरणादायी भाषणं नकोत, ती २९ ऑगस्टला क्रीडा दिनी होतातच.

पोच_पावती

सर, सुरुवात गैरसमजापासून करू. 'स्पोर्ट्स कोटा' नावाची एकच गोष्ट नाही. राज्याचं आरक्षण वेगळं, केंद्राचा कोटा वेगळा आणि रेल्वेचा आणखी वेगळा. तिघांचे नियम एकमेकांना लागू नाहीत. पोरं एकाचे नियम दुसऱ्याला लावतात आणि तिथंच फसतात. मी राज्यापुरतं लिहितो.

महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. सध्याच्या व्यवहाराचा पाया १ जुलै २०१६ चा शासन निर्णय, त्यावर पुढे सुधारणा झाल्या. कोणत्या पातळीच्या स्पर्धेतलं कोणतं स्थान गट अ, ब, क, ड यांपैकी कशाला चालतं, हे त्यातच दिलेलं आहे. तो उतरवून घ्या, छापा आणि क्रीडा विभागाच्या भिंतीवर लावा. आपल्या पोरांच्या दृष्टीनं तीन गोष्टी महत्त्वाच्या.

एक, आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद इथं चालत नाही. विद्यापीठाकडून नुसतं खेळून आलेल्याचं सहभागाचं प्रमाणपत्रही चालत नाही. स्थान लागतं, आणि तेही मान्य खेळात, मान्य संघटनेच्या अधिकृत अजिंक्यपद स्पर्धेत.

दोन, 'राज्यस्तरीय' लिहिलेली प्रत्येक स्पर्धा राज्य अजिंक्यपद नसते. निमंत्रितांची, कुणाच्या स्मृतीतली, चषकाची, सगळी बाद. विदर्भात तर काही खेळांत विदर्भाची संघटना राष्ट्रीय स्पर्धेत स्वतंत्र संघ उतरवते. अशा वेळी त्या वर्षी त्या संघटनेला मान्यता होती का, हे खेळायला जाण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावं. पदक घेऊन आल्यावर विचारून काही फायदा नाही.

तीन, पडताळणी. प्रमाणपत्र हातात आहे म्हणजे आरक्षण मिळालं असं नाही. विभागीय उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा यांच्या कार्यालयाकडून ते तपासून घ्यावं लागतं. आपल्याकडे ही कार्यालयं अमरावतीला आणि नागपूरला. एमपीएससीच्या जाहिरातीत स्पष्ट असतं की अर्जाच्या शेवटच्या तारखेपूर्वी एकतर पात्रतेचा अहवाल हवा, नाहीतर पडताळणीला अर्ज दिल्याची पोच हवी. जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्यांची पोच तारखेनंतरची निघते. म्हणून पदक मिळालं की त्याच महिन्यात अर्ज टाकायचा. जाहिरात असो वा नसो.

आणि समांतर आरक्षण म्हणजे काय तेही पोरांना फळ्यावर मांडून दाखवा. शंभर जागांत पाच, पण त्या पाच जागा प्रवर्गांत वाटल्या जातात. जिल्ह्यात चाळीस जागा निघाल्या तर खेळाडूंच्या वाट्याला दोन, आणि त्या आपल्या प्रवर्गात असतीलच असं नाही. म्हणून एकाच जिल्ह्यावर डोळा ठेवून बसू नये.

पोट्ट्यायचा_काका

राजेहो, हे डे-नाईट कबड्डीचं काय? आमच्याकडे दिवाळीपासून होळीलोक गावोगावी सामने, पहिलं बक्षीस एकावन्न हजार. पोट्टे तिकडंच पळतात. त्याचं सर्टिफिकेट चालते का?

पोच_पावती

नाही काका. बक्षीस आणि ट्रॉफी घरी न्यावी, कागद म्हणून किंमत शून्य. शिवाय विद्यापीठाच्या निवड चाचणीच्या आठवड्यात गुडघा दुखावून येतात ते तिथूनच. खेळू नका म्हणत नाही, चार पैसे मिळतात. फक्त सप्टेंबर ते डिसेंबर जपून.

बोगस कागदाचा मोहही टाळा. ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याचं प्रकरण राज्यात गाजलंच, गुन्हे दाखल झाले. तेव्हापासून तपासणी कडक आहे. खऱ्या खेळाडूलाही मूळ रेकॉर्ड मागतात. म्हणून प्रत्येकाची फाईल हवी. त्यात:

- प्रमाणपत्र मूळ, लॅमिनेशन न करता. शिक्के-सह्या तपासताना अडचण येते.
- संघाची अधिकृत यादी आणि निवडीचं पत्र. पाच वर्षांनी संघटनेचे पदाधिकारी बदललेले असतात, कधी संघटनेचे दोन गट झालेले असतात. तेव्हा हीच यादी वाचवते.
- स्पर्धेचा निकाल, लॉट्सची (सामन्यांच्या सोडतीची) प्रत. पेपरचं कात्रण पुरावा म्हणून एकटं चालत नाही, सोबत लावायला हरकत नाही.
- आंतरमहाविद्यालयीन पात्रता अर्जाची झेरॉक्स.
- दहावीची गुणपत्रिका, डोमिसाइल, जातीचा दाखला आणि वैधता.

नावातल्या चुका त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, प्रमाणपत्रावर नाव आधी, वडिलांच्या नावात 'राव' कुठे आहे कुठे नाही. स्थानाची जागा कोरी ठेवलेली प्रमाणपत्रंही सर्रास दिसतात. मैदान सोडण्याआधी पाच मिनिटं वाचून बघितलं तर पुढचे सहा महिने वाचतात.

सिग्नल_डाऊन

आता केंद्राचं. इथं आपल्या पोरांना जास्त वाव आहे आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही.

केंद्र सरकारच्या गट क पदांवर खेळाडूंची भरती कार्मिक विभागाच्या नियमांनी होते. त्यात पात्र कोण? देशाकडून वा राज्याकडून खेळलेला, शालेय राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून खेळलेला, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळलेला. म्हणजे जो कलर होल्डर राज्याच्या आरक्षणात पदक नाही म्हणून बसत नाही, तो इथं अर्ज करू शकतो. निवडीत पदकवाला अर्थातच पुढे असतो, पण दार बंद नाही.

यासाठी ठरावीक नमुने आहेत. फॉर्म १ आंतरराष्ट्रीय खेळाडूसाठी, राष्ट्रीय महासंघाच्या सचिवाच्या सहीचा. फॉर्म २ राज्याकडून खेळलेल्यासाठी, राज्य संघटनेच्या सचिवाचा. फॉर्म ३ विद्यापीठाकडून खेळलेल्यासाठी, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाच्या सहीचा. फॉर्म ४ शालेय. विद्यापीठाचं रंगीत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म ३ नव्हे. हा वेगळा कागद मागून घ्यावा लागतो. विद्यार्थी असताना तो सहज मिळतो. चार वर्षांनी गेलं तर जुनी रजिस्टरं शोधा म्हणून सांगतात. म्हणून सर, संघ स्पर्धेहून परत आला की सगळ्यांचे फॉर्म ३ तुम्हीच एकगठ्ठा अमरावतीला नेऊन सह्या करून आणा.

एक वयाचंही लक्षात असू द्या. आंतरविद्यापीठ स्पर्धेला साधारण २५ वर्षांची अट आहे. बारावीनंतर दोन वर्षं भरतीच्या नादात घालवून मग प्रवेश घेणाऱ्याच्या हाती मोजके हंगाम उरतात.

रेल्वेचं गणित १०० गुणांचं: चाचणीत खेळ, तंदुरुस्ती आणि प्रशिक्षकाचं मत मिळून ४०, कामगिरीला ५०, शिक्षणाला १०. चाचणीत ४० पैकी २५ आले नाहीत तर तिथंच बाद, पदकं कितीही असोत. आणि कामगिरी चालू व मागच्या दोन आर्थिक वर्षांतलीच धरतात. खेळ सोडून तीन वर्षांनी अर्ज करणाऱ्याचं राष्ट्रीय पदकही तिथं कागदच. म्हणजे रेल्वेचा अर्ज फॉर्मात असतानाच करायचा, भाग दोन-तीनला. बीएसएफ, सीआयएसएफ, एसएसबी या केंद्रीय दलांच्या खेळाडू भरतीच्या जाहिराती वेगळ्या निघतात. 'रोजगार समाचार' ग्रंथालयात लावा आणि दर आठवड्याला एका पोराला तो वाचून फळ्यावर तारखा लिहायचं काम द्या.

संत्राबाग

सगळं बरोबर, पण थोडं थंड पाणी टाकतो. चाळीसातले चार विद्यापीठाकडून खेळतात. उरलेल्या छत्तीसांचं काय? त्यांना कोणताच कोटा नाही. आपल्याकडे खापरखेड्याच्या उमेश यादवचं नाव घेऊन बापलोक पोराला मैदानावर सोडतात. तसे किती निघतात?

माझ्या मते क्रीडा विभागानं पहिल्या सत्रात दोनच गोष्टी सक्तीच्या कराव्यात: एमएस-सीआयटी आणि टायपिंग. कोट्यातून लिपिकाची जागा मिळाली तरी टंकलेखनाची अट सुटत नाही. मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट, परीक्षा परिषदेचं प्रमाणपत्र. खेळाडूला जागेत आरक्षण आहे, वयात सवलत आहे, शैक्षणिक अर्हतेत नाही. पदक आहे, टायपिंग नाही, म्हणून जागा गेली, हे फार वाईट. टायपिंगला रोज एक तास लागतो. सकाळचा सराव आटोपला की आंघोळ करून थेट क्लासला बसायचं. बोटं सैल असतात, हात बसतो.

चारशे_मीटर

संत्राबाग भाऊ, तुमच्या छत्तीसांपैकी पंचवीस जण पोलीस भरतीलाच जाणार आहेत, आपण काहीही म्हणा. मग ती तरी नीट करून घेऊ.

शिपाई भरतीत शारीरिक ५० गुण आणि लेखी १००. मुलांना १६०० मीटर (२०), १०० मीटर (१५), गोळाफेक (१५). मुलींना १६०० ऐवजी ८००, बाकी तेच. शारीरिकमध्ये निम्मे म्हणजे २५ हवेत, आणि त्यातून एका जागेमागे दहा जण लेखीला जातात. लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण, वेळ ९० मिनिटं, किमान ४० टक्के. खेळाडूची चूक अशी की तो जे येतं तेच करत बसतो. शारीरिकमध्ये ३८ चे ४४ करायला चार महिने लावतो. तेवढ्याच वेळात लेखीत ४५ चे ७० होतात. यादी दोन्ही मिळून १५० गुणांवर लागते हे रोज सांगा.

मैदानाचे आकडे. मुलांना पूर्ण गुणांसाठी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर ११.५० सेकंदांत, ७.२६० किलोचा गोळा ८.५० मीटर. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंद, १०० मीटर १४ सेकंद, ४ किलोचा गोळा ६ मीटर.

कबड्डीवाल्याचं दुखणं १६०० मध्ये. त्याला तीस सेकंदांच्या चढाईची सवय, म्हणून पहिला ४०० मीटर ६८ सेकंदांत मारतो आणि शेवटचा ९० मध्ये रखडतो. ५:१० म्हणजे प्रत्येक ४०० ला साडेसत्त्याहत्तर सेकंद. २०० च्या ट्रॅकवर फेरी पावणेएकोणचाळीस सेकंदांची, आठ फेऱ्या. आठवड्यात तीनच दिवस धावणं पुरे: एक दिवस ८ वेळा २०० मीटर ठरलेल्या वेळेत, मधे तेवढंच अंतर हळू जॉगिंग. एक दिवस ४ वेळा ४००, मधे दोन-तीन मिनिटं विश्रांती. एक दिवस चार-पाच किलोमीटर बोलता येईल अशा गतीनं. जो आज साडेसहा मिनिटं घेतो त्याला पहिल्याच दिवशी ७७ लावू नका. आधी ९५, मग दर दोन-तीन आठवड्यांनी ४०० मागे दोन सेकंद कमी.

ट्रॅक मोजून आखा. बऱ्याच शाळांचा '४००' प्रत्यक्षात पावणेचारशेही नसतो आणि पोरं खोट्या टायमिंगवर खूश असतात. लहान मैदानावर मोबाइलचं जीपीएसही फसवतं. २०० मीटरसाठी दोन्ही सरळ बाजू ५० मीटरच्या, आणि अर्धवर्तुळाची चुन्याची आतली रेषा १५.७२ मीटर त्रिज्येवर. धावणारा रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून धावतो असं धरून हे येतं. साधारण ९० बाय ४० मीटर जागेत बसतो. त्रिज्या टेपनंच धरा, दोरी ताणली की लांबते.

आपली काळी माती वेगळी डोकेदुखी. उन्हाळ्यात भेगांत पाय मुरगळतो, पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते. मग पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात आणि महिन्याभरात नडगी धरते. धावपट्टीपुरता तरी मुरूम टाकून दाबून घ्या, दोन लेनचा पुरतो. गोळाफेकीत दोन चुका: गोळा खांद्यामागे जातो आणि पोरगं वर्तुळाच्या पुढून बाहेर पडतं, दोन्ही फाऊल. वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचं आखूनच सराव करा. ५ किलोच्या गोळ्यावर नऊ मीटर टाकणारा ७.२६० वर सहाला अडतो. भरतीच्या वजनावरच आठवड्यात तीन दिवस, वीस-पंचवीस फेकी.

महाज्योती, बार्टी, सारथी या सरकारी संस्थांचं भरतीपूर्व प्रशिक्षण असतं. पोरांचा प्रवर्ग बघून अर्ज भरून द्या. आणि गडचिरोलीत भरणाऱ्यांनी गोंडी-माडियाच्या पेपरचं आधी बघून घ्यावं.

पूर्णाकाठ

व्हॉलीबॉलची एक मुलगी आहे, विद्यापीठाच्या संघात लिबेरो (फक्त बचाव करणारी खेळाडू). उंची १५३. पोलिसात होणार नाही ना? घरचे म्हणतात मग खेळून काय उपयोग.

चारशे_मीटर

ताई, पोलिसात मुलींना १५५ लागते, त्यामुळे सरळ नाही. पण वनरक्षकाला मुलींना १५० चालते (मुलांना १६३). धावणं मुलींना ३ किलोमीटर, मुलांना ५. मेळघाट, पांढरकवडा, ताडोबा, नवेगाव इतकी जंगलं आपल्याच अंगणात असताना पोरं पोलिसापलीकडे बघत नाहीत. एक अट नीट बघा: बारावीत विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो, अनुसूचित जमातीला दहावीवर सवलत आहे. कला शाखेत भूगोल-अर्थशास्त्र दोन्ही न घेतलेली मुलगी इथं अडकते. ज्युनियर कॉलेजलाच हे सांगितलं पाहिजे.

आणि विद्यापीठाकडून खेळली असेल तर सिग्नल भाऊंनी सांगितलेला फॉर्म ३ आजच काढा.

गुडघा_दुखतो_का

उंचीवरून आठवण झाली. पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात प्रत्येकाची साधी तपासणी करून घ्या. गणवेशाच्या नोकरीत वैद्यकीयला बाद होणारे बरेच जण अशा गोष्टीवर बाद होतात जी तीन वर्षांपूर्वीच कळली असती.

उंची सकाळी मोजा, अनवाणी, टाचा-पाठ भिंतीला. संध्याकाळी एक-दीड सेंटिमीटर कमी भरू शकते. छाती मुलांची न फुगवता ७९ आणि फुगवून ५ जास्त. सरळ उभं राहून गुडघे एकमेकांना टेकल्यावर घोटे जुळतात का बघा. ओला पाय फरशीवर ठेवून पूर्ण तळव्याचा ठसा उमटला तर सपाट पाऊल असू शकतं, डॉक्टरला दाखवा. रंगांधळेपणाची तपासणी उपजिल्हा रुग्णालयात होते. मुलांमध्ये हे बरंच असतं आणि स्वतःला कळत नाही. ज्याला रंग दिसत नाहीत त्याला पहिल्याच वर्षी दुसऱ्या रस्त्याला लावता येतं.

दुखापतीचा कागद जपा. गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या पोराला लोक मालिशवाल्याकडे नेतात आणि आठव्या दिवशी पुन्हा उतरवतात. गुडघा मधेच सुटतो असं वाटत असेल तर आधी हाडांचा डॉक्टर, मग मैदान. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेआठनंतर धावायला लावू नका. आपलं ऊन पंचेचाळीसला जातं.

शिट्टी_आणि_चुना

नोकरीपलीकडचंही थोडं. मैदानाशी नातं ठेवून चार पैसे मिळवता येतात, पण शिकावं लागतं.

पंच परीक्षा भाग एकमध्येच द्यायला लावा. संघटनांच्या परीक्षा असतात. पास झालेल्याला शालेय आणि तालुका-जिल्हा स्पर्धांत मानधनावर काम मिळतं. दुसरं म्हणजे आखणी. कबड्डी पुरुष १३ बाय १०, महिला १२ बाय ८, खो-खो २७ बाय १६ मीटर. कर्ण मोजून काटकोन तपासल्याशिवाय चुना टाकू नये. १३ बाय १० चा कर्ण १६.४० मीटर यायला हवा.

तिसरं, लॉट्स. बाद पद्धतीत संघांपेक्षा सामने एक कमी. अकरा संघ, दहा सामने. दोनची पुढची घात संख्या सोळा, म्हणून पाच बाय, म्हणजे पाच संघ पहिली फेरी न खेळता पुढे. साखळीत सहा संघांना पंधरा सामने. कबड्डीचा पुरुष सामना २०-५-२० धरून सगळं मिळून एक तास धरा, म्हणजे एका मैदानावर दहा सामन्यांना दहा तास. गावातले आयोजक एक दिवस, एक मैदान म्हणतात आणि रात्री दोनला अंतिम सामना होतो. हे आधी कागदावर दाखवणारा पोरगा त्यांना हवाच असतो. मानधन आधी लिहून घ्यावं, ट्रॉफ्यांच्या हिशेबात ते नेहमी राहून जातं.

बीपीएड_ते_नेट

शिक्षणाच्या वाटेचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. इथं तर अगदी आंतरमहाविद्यालयीन प्रमाणपत्रालाही किंमत आहे, म्हणून ते फेकू नका.

बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम, पदवीनंतर दोन वर्षांचा. पदवीला ५० टक्के आणि आंतरमहाविद्यालयीन वा जिल्हा पातळीचा सहभाग असला की पात्रता बसते. आंतरविद्यापीठ, राज्य वा राष्ट्रीय खेळलेल्याला ४५ टक्क्यांवरही जाता येतं. आणि खेळाडू अडकतो तो याच टक्क्यांत. हिवाळी परीक्षा आणि आंतरमहाविद्यालयीन हंगाम एकाच वेळी येतात, पोरगं दोन पेपर सोडतं, एटीकेटी साचतात, शेवटी ४३ टक्क्यांवर पदवी. सर, संघाची यादी लागली की त्याच दिवशी प्राचार्यांच्या सहीनं विभागप्रमुखांना पत्र द्या आणि अंतर्गत गुणांच्या चाचण्या परत घ्यायला लावा. ते कॉलेजच्या हातात असतं.

प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते, लेखीसोबत मैदानी चाचणी. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं कॉलेज आपल्या हाकेवर आहे, १९१४ पासूनची संस्था. पण खरं सांगते, नुसत्या बी.पी.एड.वर शाळेत लागण्याच्या जागा कमी आहेत. पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) आणि शिक्षक अभियोग्यता चाचणी या वाटेनं जावं लागतं, आणि ती २०० गुणांची चाचणी खेळाची नाही, बुद्धीची आहे. बी.पी.एड. करणाऱ्यानं त्या दोन वर्षांतच तिचा अभ्यास धरावा. देणगी देऊन विनाअनुदानितवर लागायचा सल्ला कुणी दिला तर संस्थेची मान्यता आणि पद मंजूर आहे का ते आधी लेखी मागा.

कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर एम.पी.एड. ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठाकडून वा कॉलेजकडून खेळल्याचा पुरावा मागितलाय आणि धावण्याची चाचणीही आहे: तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर.

प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही आहे, पण मोठ्या पदांना डिप्लोमाच मागतात.

आणि नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला ओजेटीचे, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे, श्रेयांक आहेत. खेळाडूला ते कुठल्यातरी दुकानात सही मारून उरकू देऊ नका. तालुका क्रीडा संकुल, एखादी शाळा, व्यायामशाळा इथं लावा. तिथून अनुभवाचा दाखलाही मिळतो.

संत्राबाग

ताईंचं ४३ टक्केवालं वाचून गप्प बसलो. आमच्याकडे तर बापच म्हणतो, खेळाडू आहे, पेपर सुटला तर सुटला.

मैदानमास्तर (धागाकर्ता)

मंडळी, धागा छापून भिंतीवर लावतोय. आठवड्याच्या एका तासाचं असं ठरवलंय: भाग एकला जुलैत शरीर तपासणी आणि फाईल, पहिल्या सत्रात एमएस-सीआयटी आणि पंच परीक्षा, दुसऱ्यात टायपिंग. भाग दोनला लेखी, महिन्याच्या शेवटच्या तासाला अर्धा तास वाढवून ९० मिनिटांचा पूर्ण पेपर. संघ परत आला की फॉर्म ३ आणि पडताळणी मीच बघणार. भाग तीनला प्रत्येकानं दोन वाटा लिहून द्यायच्या, त्यात एक तरी गणवेशाची नसावी.

एक अडचण उरलीच. सध्याच्या सातपैकी पाच कलर होल्डरांनी प्रमाणपत्रं आधीच लॅमिनेट केली आहेत. आता?

पोच_पावती

सोलायला जाऊ नका, शाई आणि शिक्का प्लास्टिकसोबत निघतो. इस्त्री फिरवायचा उपाय यूट्यूबवर आहे, तो तर मुळीच नको. आहे तसंच ठेवा, रंगीत स्कॅन काढा. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला तुमच्या लेटरहेडवर एकच पत्र द्या: पाचही नावं, स्पर्धा, वर्ष, ठिकाण, स्थान, सोबत संघयादी, आणि दुय्यम प्रत किंवा खात्रीपत्र मिळावं अशी विनंती. फॉर्म ३ च्या सह्यांना जाल तेव्हाच ते पत्र आवक-जावकला द्या आणि पोच घ्या. पोचेवर तारीख दिसते ना ते तिथंच बघा, शिक्का बऱ्याचदा अर्धाच उमटतो.